गाळाच्या बाजूने

नांदूर मधमेश्वरवर मराठीत आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक पक्ष्यांवर. त्यात नवल नाही. डॉ. सलीम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, १९८६ साली इथे अभयारण्य झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीची घोषणा झाली तेव्हा राज्यातून त्या यादीत जाणारी ही पहिली पाणथळ जागा ठरली. लोणार त्याच वर्षी मागाहून आले, ठाण्याची खाडी २०२२ मध्ये. थंडीतल्या रविवारी चापडगावच्या मनोऱ्यावर उभे राहायला जागा मिळत नाही. चक्रवाक कुठे, थापट्या कुठे, रोहित आले का, अशी चौकशी चालू असते. दुर्बिणी पाण्यावर नाहीतर आभाळात. काठाच्या काळ्या राडीकडे लक्ष जाते ते बूट भरल्यावर.

या पुस्तकाचा विषय ती राड आहे. म्हणजे पाण्याखालचा गाळ, आणि त्या गाळात राहणारे जीवाणू. पक्षी या पानांत येतील, पण पाहुणे म्हणून.

मुळात नांदूर मधमेश्वर हे तळे नव्हेच. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक दगडी बंधारा बांधला गेला. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. पाणी अडवायचे, डाव्या-उजव्या कालव्यांत सोडायचे आणि निफाडपासून कोपरगाव-राहात्यापर्यंतच्या अवर्षणी टापूला द्यायचे, एवढाच हेतू. त्या पट्ट्यात पुढे ऊस आला, साखर कारखाने आले, ते या पाण्यावर. इकडे बंधाऱ्यामागे नदी मंदावली आणि मंदावलेली नदी जे करते ते तिने केले: सह्याद्रीच्या उतारावरून आणि निफाड-दिंडोरीच्या शेतांतून आणलेली माती तिथेच टाकली. वर्षानुवर्षे टाकली. साठवण कमी होत गेली, बेटे वर आली, पुरुषभर पाण्याच्या जागी कमरेएवढे पाणी राहिले, त्यात पाणकणीस उगवले. रामसरच्या नोंदीत तळी, दलदल आणि नदीकाठची झाडी यांची जी गुंतागुंत वाखाणली आहे ती या गाळानेच घडवली. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात जो निव्वळ तोटा, त्याच्यावरच अभयारण्य उभे आहे. ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मान्य केल्याशिवाय इथल्या कोणत्याही प्रश्नावर नीट बोलता येत नाही, असे माझे मत आहे.

आता या गाळात राहते कोण? एका मिलिलिटर तळ्याच्या पाण्यात साधारण दहा लाख जीवाणू असतात. तेवढ्याच गाळात ते अब्जाच्या घरात जातात. पाण्यापेक्षा हजारपट दाट वस्ती. तळे खोल असेल तर ही वस्ती वरच्या पाण्यापासून बरीचशी तुटलेली असते. उन्हाळ्यात वर गरम आणि खाली थंड असे पाण्याचे दोन थर पडतात आणि तळाचा वरच्याशी महिनोन् महिने संबंध येत नाही. उथळ पाण्यात ही सोय नाही. दुपारचा वारा सुटला की तळ ढवळतो. ऊन तळापर्यंत पोचते. गाळात जे घडते ते लगेच पाण्यात उतरते आणि पाण्यात जे पडते ते लगेच गाळाला भोगावे लागते. म्हणून उथळ तळ्याची प्रकृती पाहायची तर तळापासून पाहावी.

काठावरचा ओंजळभर गाळ नीट पाहिला तर निम्मे प्रकरण डोळ्यांनीच कळते. वर तपकिरी, किंचित गुळगुळीत साय असते. तिची जाडी काही मिलिमीटर, क्वचित त्याहून जास्त. तिच्याखाली करडा पट्टा, आणि त्याखाली काळाभोर, लोण्यासारखा मऊ थर. तो फोडला की सडक्या अंड्याचा वास येतो. हाच काळा गाळ पत्र्याच्या तुकड्यावर पसरून उघड्यावर ठेवला तर काही वेळाने त्याचा काळेपणा उतरतो आणि तो तपकिरी पडू लागतो. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. हवा लागली की ते सल्फाइड मोडते आणि गंजासारखे लोह मागे उरते. वरची तपकिरी साय म्हणजे प्राणवायू जिथवर पोचतो तिथवरची हद्द. त्याखाली प्राणवायू नाही. संपूर्ण अभयारण्याखाली, बोटाच्या पेरापेक्षा कमी खोलीवर, प्राणवायूविना जगणाऱ्यांचा मुलूख सुरू होतो.

तिथे जगायचे कसे, याचे उत्तर पंगतीच्या क्रमात आहे. अन्न सगळ्यांचे एकच: मेलेले शेवाळ, कुजलेली पाने, माशांची-पक्ष्यांची विष्ठा, शहरातून आलेला मैला. ते जाळायला प्राणवायू वापरणारे जीवाणू पहिल्या पंगतीला बसतात, कारण त्यात शक्ती सर्वांत जास्त मिळते. प्राणवायू संपला की नायट्रेटवर श्वास घेणारे बसतात. मग मँगेनीज आणि लोह वापरणारे. मग सल्फेटवाले, सडक्या अंड्याचा वास ही त्यांची करणी, आणि हॉलंडमधल्या डेल्फ्ट इथे मार्टिनस बायरिंक यांनी १८९५ साली त्यांना प्रथम ओळखले. सगळ्यांचे जेवण उरकल्यावर जे खरकटे राहते त्यावर मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव भागवतात. हे शेवटचे खरे तर जीवाणू नव्हेत. कार्ल वूज यांनी १९७७ साली दाखवून दिले की त्यांचे कूळच वेगळे. त्यांना आर्किया म्हणतात. पण गाळाच्या कारभारात ते इतके मिसळलेले आहेत की या पुस्तकात त्यांना बाहेर ठेवलेले नाही. शास्त्रीय काटेकोरपणाची ज्यांना चाड आहे त्यांनी एवढी सूट द्यावी.

क्रम कळला की तळ्याचे बरेच वागणे उलगडते. नायट्रोजनचेच पाहा. वर नाशिकसारखे शहर आहे, वाटेत द्राक्षबागा, कांदा, ऊस. मैल्यातून अमोनिया येतो, शेतातून नायट्रेट. अमोनिया माशांना मारक. गाळाच्या तपकिरी सायीतले जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. हे काम जीवाणू करतात हे सेर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास झुरिकमध्ये सिद्ध केले. ते नायट्रेट दोन-चार मिलिमीटर खाली झिरपले की प्राणवायू नसलेल्या थरातले दुसरे जीवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून टाकतात. तो बुडबुड्यातून, पाण्यातून, हवेत परत जातो. म्हणजे खताच्या गोणीतून शेतात पडलेला आणि शेतातून ओढ्याला लागलेला नायट्रोजन इथे, वीज न जाळता, कोणाच्याही निविदेशिवाय, मूळ हवेत सोडला जातो. अट एकच: सायीचा वरचा थर जिवंत राहिला पाहिजे आणि त्याच्या लगेच खाली प्राणवायू नसलेला थर हवा. दोन्ही शेजारी-शेजारी असतील तरच काम होते. प्राणवायू साफ संपला तर पहिली पायरी अडते आणि अमोनिया साचत जातो.

फॉस्फरसला मात्र अशी सुटका नाही. त्याला वायुरूपाने निघून जाता येत नाही. तो गाळात तरी राहतो किंवा पाण्यात तरी. इथे आपला दख्खनचा काळा दगड मदतीला येतो. बेसाल्टच्या मातीत लोह भरपूर, आणि प्राणवायू असताना गंजलेले लोह फॉस्फेटला धरून ठेवते. प्राणवायू गेला की लोहावर श्वास घेणारे जीवाणू त्या लोहाचे रूप बदलतात, पकड सुटते आणि फॉस्फेट पाण्यात येते. त्याच्या जोडीला सल्फाइड उरलेले लोह पकडून काळे करते, म्हणजे फॉस्फेटला धरायला कोणी उरत नाही. मग शेवाळ माजते, पाणवेली माजतात, त्या मरून तळाशी जातात, कुजताना आणखी प्राणवायू खातात. सायखेड्याच्या पुलाला पाणवेलींचा खच अडकतो तेव्हा त्यावर बातम्या येतात, यंत्रे येतात, खच काढला जातो. पण पाणवेली मुळे पाण्यात सोडून तरंगतात. पाणकणसाची मुळे गाळात प्राणवायू झिरपू देतात, तशी यांची देत नाहीत; उलट त्या ऊन अडवतात. त्यांचा सगळ्यात मोठा त्रास पुलाला नसून गाळाला आहे.

युरोपातल्या उथळ तळ्यांचा अनुभव असा, की सांडपाणी थांबवल्यावरही जुन्या गाळातून फॉस्फरस सुटत राहतो आणि पाणी ठिकाणावर यायला दहा-पंधरा वर्षे जातात. हा अनुभव इकडे जसाच्या तसा लागू करणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती तळी बंदिस्त. नांदूर मधमेश्वर नदीच्या मार्गात आहे. गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग सुरू झाला की श्रावण-भाद्रपदात इथला बराच गाळ उखडला जातो, नवा येऊन बसतो, आणि जीवाणूंची वस्ती पुन्हा उभी राहते. पुढे हिवाळी-उन्हाळी आवर्तने. कालव्यांना पाणी सुटले की काठचा गाळ उघडा पडतो, त्याला भेगा जातात, भेगांतून हवा आत शिरते. पाणी परत चढले की ती बंद. आवर्तनाचे वेळापत्रक ठरवणाऱ्याला कल्पनाही नसते, पण गाळातल्या सूक्ष्मजीवांचे वेळापत्रकही तोच ठरवत असतो. या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण पाणीपातळीच्या चढउतारावर आहे, ते यासाठी.

तापमानाचेही तसेच. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागायतदार रात्री शेकोट्या पेटवतात. त्या दिवसांत गाळ सुस्त असतो. शिवाय थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो: समुद्रसपाटीला दहा अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ११ मिलिग्रॅम, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. एप्रिल-मे महिन्यांत उलटे होते. दर दहा अंशांमागे जीवाणूंची भूक अंदाजे दुप्पट होते आणि प्राणवायू मात्र घटतो. पक्षी पाहणारे फेब्रुवारीअखेर जागा सोडतात, म्हणजे तळ्याचा सर्वांत कठीण काळ सुरू होताना प्रेक्षागृह रिकामे.

परिसंस्थाशास्त्राने मात्र गाळाला सुरुवातीपासून मध्यभागी बसवले होते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर बॉग लेक नावाचे जेमतेम मीटरभर खोल तळे आहे. रेमंड लिंडमन या तरुणाने त्याचा काही वर्षे अभ्यास केला आणि सूर्याची ऊर्जा कोणाकडून कोणाकडे जाते याचे चित्र काढले. त्या चित्रात वनस्पती, किडे, मासे कडेला आहेत. मधोमध गाळ आहे आणि गाळात जीवाणू. निबंध पहिल्या परीक्षकांना फार तात्त्विक वाटला, त्यांनी तो नाकारला. लिंडमनचे मार्गदर्शक हचिन्सन यांनी बाजू लावून धरली म्हणून १९४२ मध्ये तो छापून आला. तोवर लिंडमन गेले होते. सत्ताविशीही पूर्ण झाली नव्हती. पुढे पाठ्यपुस्तकांनी अन्नसाखळीचा मनोरा उचलला. मधला गाळ बहुतेकांनी वगळला, आणि शाळेत आपण गवत-टोळ-बेडूक-साप एवढेच शिकलो.

इथल्या पक्ष्यांकडे लिंडमनच्या चित्रातून पाहिले तर पंक्ती बदलतात. कुजलेल्या पानात पोषण थोडे. त्यावर वाढलेल्या जीवाणूंत जास्त. गाळ गिळत फिरणाऱ्या किड्यांना मुख्यतः ते जीवाणूच पोसतात. न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या, ज्या मत्स्यालयाच्या दुकानात ब्लडवर्म म्हणून विकत मिळतात, गाळात नळ्या करून राहतात. प्राणवायू अपुरा पडू नये म्हणून त्यांच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. त्यांच्या नळ्यांतून पाणी खेळते, हवा खाली जाते आणि तपकिरी साय तेवढी खोल होते. या अळ्यांवर शेकाट्या, तुतवार, पाणलावा जगतात. चमचा तोच गाळ चोचीने कापत फिरतो, थापट्या तेच पाणी गाळून खातो. आणि हजारो बदके रात्रंदिवस शिटून त्यातला हिस्सा गाळाला परत करतात.

गाळ मात्र उपकार करायला बसलेला नाही. त्याला सोवळे नेसवण्याचा या पुस्तकाचा हेतू नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातल्या सांभर तलावावर हजारो स्थलांतरित पक्षी मेले. बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने कारण सांगितले: बोट्युलिझम. गाळात निपचित पडून असलेले क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम उष्ण, प्राणवायूहीन पाण्यात, मेलेल्या प्राण्याच्या मांसात जागे होते आणि विष तयार करते. त्या मढ्यातल्या अळ्यांत विष साठते, अळ्यांना काही होत नाही, पण त्या खाणारा पक्षी लुळा पडून मरतो आणि पुढच्या अळ्यांची सोय करतो. हे चक्र तोडण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे मेलेले पक्षी ताबडतोब उचलणे. आपल्या पाणथळींवर त्यासाठी माणूस, होडी आणि खड्डा तयार हवा. औषध तिथे कामाचे नाही.

मिथेन ही दुसरी बाब. काठच्या गाळात काठी खुपसली की बुडबुडे येतात. अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी असेच बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले. गोठ्यामागच्या गोबरगॅसमधला तोच वायू. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. पण गाळाच्या वरच्या सायीत मिथेन खाणारे जीवाणूही असतात आणि ते त्याचा मोठा वाटा बाहेर पडण्याआधीच संपवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत महाराष्ट्रातल्या भातखाचरांतून आणि पाणथळींतून असे जीवाणू वेगळे करून वाढवले गेले आहेत. त्यातल्या एकाचा आकार हुबेहूब काकडीचा, म्हणून त्याचे नाव मेथायलोक्युक्युमिस. आणि जर कोणाला वाटत असेल की गाळात आता नवे काही सापडायचे नाही, तर डेन्मार्कमध्ये २०१२ साली ओळखल्या गेलेल्या केबल जीवाणूंची हकिगत वाचावी. हजारो पेशींची एक-दोन सेंटिमीटर लांबीची तार, खालचे टोक सल्फाइडमध्ये, वरचे प्राणवायूत, आणि मधून खरोखरीची वीज वाहते. पुढे ते गोड्या पाण्याच्या गाळातही सापडले.

सर्वांत वादाचा विषय शेवटच्या प्रकरणात आहे. गाळ काढावा का? चांदोरी-सायखेड्याला पुराचे पाणी शिरते तेव्हा ही मागणी होते, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरते त्यांच्याशी पाणकणसाच्या महत्त्वावर वाद घालणे मला बरे वाटत नाही. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. गाळपेर आणि गाळ शेतात नेणे ही तर त्याहून कितीतरी जुनी पद्धत, आणि गावतळ्यांपुरती मला ती पसंत आहे. नांदूर मधमेश्वरचा प्रश्न वेगळा. इथे वरच्या अंगाला नाशिक शहर आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आहेत. अशा नद्यांच्या गाळात जस्त, कॅडमियम, शिसे यांसारखे धातू आले तर काळ्या थरातले सल्फाइड त्यांना बांधून ठेवते. तिथे ते निरुपद्रवी पडून राहतात. तोच गाळ उपसून शेतात पसरला की हवा लागते, सल्फाइड मोडते आणि धातू मोकळे होतात. पत्र्यावरचा गाळ काळ्याचा तपकिरी होतो तेव्हा नेमके हेच चाललेले असते. म्हणून पूर अडणाऱ्या पात्रातला गाळ काढायचा असेल तर तो आधी तपासावा, पट्ट्यापट्ट्याने काढावा, आणि पाणथळीचा उथळ भाग सोडावा. पोकलेन एका उन्हाळ्यात जी साय खरवडून नेते ती पुन्हा बसायला किती पावसाळे लागतील हे ठेकेदाराला विचारून कळणार नाही.

पुस्तक वाचायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, बारावीपर्यंतचे पुरे. सूत्रे शक्यतो टाळली आहेत, जिथे टाळता आली नाहीत तिथे ती सोडून पुढे गेले तरी अडत नाही. दुसऱ्या प्रकरणाआधी मात्र प्रत्येकाने विनोग्राडस्कींची बाटली करून ठेवावी, म्हणजे ते प्रकरण वाचताना समोर काहीतरी असेल. रुंद तोंडाची पारदर्शक बाटली घ्या. तळाशी गाळात कालवलेले वर्तमानपत्राचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक, त्यावर नुसता गाळ, वर त्याच तळ्याचे पाणी. खिडकीत उजेडाला ठेवा, कडक उन्हात नको. आठवड्यांनी काचेच्या आतून हिरवे, जांभळे, गंजरंगी पट्टे चढू लागतील. प्रत्येक रंग पंगतीतल्या एका जागेचा. झाकण घट्ट लावू नका, वायू साचतो. हात साबणाने धुवा. गाळ अभयारण्यातून आणू नका. वनखात्याच्या परवानगीविना तिथून काहीही उचलणे गुन्हा आहे आणि गावतळ्याचा, विहिरीच्या थारोळ्याचा, शेततळ्याचा गाळ तितकाच चालतो. बलक चमचाभरच घाला. जास्त घातलात तर प्रयोग बिघडणार नाही, पण घरचे लोक ती बाटली दुसऱ्या प्रकरणापर्यंत टिकू देणार नाहीत.